सार्वजनिक बाग कुणाची?

माझे वडील तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या बागेत रोजंदारीवर झाडांना पाणी घालीत. बाग नदीकाठी होती आणि फाटकावर 'सार्वजनिक उद्यान' अशी पाटी होती. काळ स्वातंत्र्यानंतरचा. घटनेने अस्पृश्यता रद्द केलेली होती आणि कुणाला मज्जाव असल्याचे तिथे कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही दुपारची भाकरी वडील कुंपणाबाहेर, नदीच्या उतारावर बसून खात. बागेतल्या बाकावर ते कधी बसले नाहीत. त्यांना तिथून कुणी उठवले असेही नाही. कारण उठवण्याची वेळच त्यांनी कुणावर येऊ दिली नाही. 'सार्वजनिक' या शब्दाविषयी माझ्या मनात जो संशय आहे, त्याचे मूळ त्या उतारावर आहे.

निवृत्तीनंतर भाचीकडे न्यूयॉर्कला जाण्याचा योग आला, तेव्हा हा संशय बरोबरच होता. बाबासाहेब जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब इथे आले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात ते काही काळ राहत होते. त्या रस्त्याने पश्चिमेकडे पाच-सात मिनिटे चालले की हडसन नदीच्या काठावरचा रिव्हरसाइड पार्क लागतो. दुसऱ्या दिवशी मी भाचीला म्हणालो, ही बाग दक्षिणेच्या टोकापासून हार्लेमपर्यंत पायी पाहू. ती म्हणाली, "मामा, हार्लेमच्या बाजूला बघण्यासारखं फारसं नाही." मला तेच पाहायचे होते.

बागेची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. १८७० नंतरच्या दशकात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने हिचा आराखडा केला. हा मनुष्य गुलामगिरीच्या विरोधात लिहिणारा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हिंडून त्याने गुलामांच्या श्रमावर चाललेल्या शेतीचे वर्णन केले होते. शहरातल्या सर्व थरांतील माणसांनी एकाच हिरवळीवर यावे, त्यातून लोकशाही मुरेल, अशी त्याची भूमिका होती. हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु चांगल्या हेतूने काढलेला नकाशा पुढे कुणाच्या हातात जातो, हा खरा प्रश्न असतो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत या बागेखाली, नदीच्या कडेने, आगगाडीचे उघडे रूळ होते. कोळशाच्या आणि गुरांच्या गाड्या तिथून जात. धूर आणि दुर्गंधी काठावरच्या श्रीमंत घरांपर्यंत येई. १९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस उद्यान खात्याचा आयुक्त झाला आणि त्याने हे चित्र पालटले. रुळांवर छत घालून त्यावर बाग पसरवली, नदीत भराव टाकला आणि १३२ एकर जमीन वाढवली. १२ ऑक्टोबर १९३७ रोजी हे काम लोकांना खुले झाले. आज ७२व्या रस्त्यापासून उत्तरेकडे चालत गेले, तर पायांखालून रेल्वे जाते हे सांगूनही खरे वाटत नाही. झाडी, खेळाची मैदाने, नदीकडे तोंड करून ठेवलेली बाके, सगळे नेटके आहे. १२२व्या रस्त्याजवळ जनरल ग्रँटची समाधी आहे. ज्या यादवी युद्धात गुलामगिरी संपली, त्याचा हा विजयी सेनापती. तिथपर्यंत मी खूष होतो.

१२५व्या रस्त्याशी छत संपले. तिथून पुढे हार्लेम आणि तिथून पुढे रूळ उघडे. मोझेसचे चरित्र लिहिणाऱ्या रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात याचा हिशेबच मांडला आहे. १२५ ते १५५ या रस्त्यांच्या दरम्यान मोझेसने बागेत एक एकरही वाढवला नाही. साऱ्या पार्कात सतरा क्रीडांगणे झाली, त्यांतले हार्लेमच्या वाट्याला एक आले. त्या एका क्रीडांगणातील स्वच्छतागृहाच्या लोखंडी जाळीवर माकडांच्या आकृत्या बसवल्या होत्या. इतर ठिकाणच्या जाळ्यांवर लाटांची नक्षी होती. कृष्णवर्णीयांच्या मुलांसाठी माकडे! ही माकडे २०२३ मध्ये काढण्यात आली. म्हणजे सुमारे ८६ वर्षे ती तिथे होती, आणि पाटीवर एकही अपशब्द लिहिलेला नव्हता.

त्याच १९३७ साली, १७ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याचा दावा अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. तो वादही याच शब्दाभोवती होता. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. पण १९२७ मध्ये प्रत्यक्ष पाणी प्यायल्यावर डोकी फुटली आणि तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात गेला. जे सार्वजनिक आहे ते आपण हात लावताच खाजगी होते, हा आपला अनुभव आहे. अमेरिकेत याच गोष्टीची वेगळी रीत दिसते. तिथे बाग सार्वजनिकच राहते, फक्त ती तुमच्या वस्तीच्या आधी संपते.

विद्यापीठाच्या टेकडीच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे, मॉर्निंगसाइड पार्क आहे. तो उभ्या कड्यावर उतरत हार्लेमला भिडतो. कोलंबिया विद्यापीठाने या सार्वजनिक बागेतली जागा भाड्याने घेऊन तिथे व्यायामशाळा बांधायला काढली. विद्यापीठाच्या लोकांसाठी वरच्या अंगाला दरवाजा आणि हार्लेमच्या लोकांसाठी कड्याच्या तळाशी दुसरा दरवाजा, अशी योजना होती. तळच्या लोकांना इमारतीचा थोडासा भाग मिळणार होता. एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर थोड्याच दिवसांत, विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या. या उठावामागे व्हिएतनाम युद्धाचा प्रश्न होता, तसा हा मागचा दरवाजाही होता. योजना सोडून द्यावी लागली. खणलेल्या खड्ड्यात पुढे तळे केले. मी त्या तळ्याच्या काठी बराच वेळ बसलो. ज्या विद्यापीठाने बाबासाहेबांना पुढच्या दाराने आत घेतले, त्याच विद्यापीठाने आपल्या शेजाऱ्यांसाठी मागचे दार काढले होते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कृतज्ञता आणि चिकित्सा या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवल्या आहेत.

पुन्हा नदीकडे येऊ. १३७ ते १४५ या रस्त्यांसमोर, हडसनच्या पात्रावर, सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रचंड केंद्र आहे. पश्चिम मॅनहटनचा मैला तिथे येतो. आधी ही जागा ७२व्या रस्त्याच्या बाजूला धरली होती. नंतर ती हार्लेमच्या दारात आणली. १९७२ मध्ये बांधकाम सुरू झाले, १९८६ मध्ये केंद्र चालू झाले आणि वस्तीत दुर्गंधी पसरली. आमच्या गावी महारवाडा नदीच्या खालच्या अंगाला असे; वरच्यांनी वापरलेले पाणी आमच्याकडे येई. तो उताराचा नियम आहे असे मी लहानपणी समजत असे. इथे हार्लेम नदीच्या वरच्या अंगाला आहे, आणि तरीही खालच्या श्रीमंतांचा मैला वर नेला गेला. तेव्हा हा नियम पाण्याचा नव्हे, सत्तेचा आहे.

लोक गप्प बसले नाहीत. १९८८ च्या जानेवारीत, किंग यांच्या जयंतीदिनी, कार्यकर्त्यांनी भर रस्त्यात वाहतूक अडवली. सात जणांना अटक झाली. न्यायालयात दावा गेला आणि १९९३ च्या अखेरीस अकरा लाख डॉलरच्या निधीसह तडजोड झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्राच्या छतावर २८ एकरांची बाग उघडली. पोहण्याचा तलाव, धावपट्टी, बर्फावर घसरण्याचे मैदान, सगळे तिथे आहे. मुले आनंदाने खेळत होती. त्यांच्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. पण एका शहरात बाग रेल्वेच्या छतावर मिळणे आणि बाग मैल्याच्या छतावर मिळणे यातला फरक नोंदवलाच पाहिजे.

वंश आणि जात एक नव्हेत. जातीला धर्माचा आधार आहे, तिची उतरंड आहे, आणि तिच्यात प्रत्येकाला पायाखाली कुणीतरी दिलेला आहे. पण दोन्ही व्यवस्था दगडमातीत बांधल्या जातात हे साम्य मोठे आहे. कायदा बदलता येतो. भिंत, नळ आणि गटार मात्र बांधणाऱ्याच्या मागे शंभर वर्षे उरतात, आणि त्यांना जाब विचारायला कुणी सापडत नाही. आपल्या साहित्याने गावकूस जगापुढे आणले. शहरातले गावकूस मात्र अजून पुरते लिहिले गेलेले नाही. आज आपल्याकडे नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना निघत आहेत. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावरची हजारो कुटुंबे अशाच योजनेत उठली. अशा वेळी बाग कशी दिसते यावर न थांबता ती कुठे सुरू होते, कुठे संपते आणि तिच्यासाठी कोण उठले, हे विचारले पाहिजे. नकाशा आणि अंदाजपत्रक वाचणे हेही आपल्या लेखकांचे काम आहे.

शेवटी १५०व्या रस्त्यापाशी पोचलो. तिथे राल्फ एलिसन याचे स्मारक आहे. 'इनव्हिजिबल मॅन' ही त्याची कादंबरी १९५२ ची. तो समोरच्याच घरात राहत असे. २००३ मध्ये उभारलेले हे स्मारक एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीचे आहे. ब्राँझच्या उंच पत्र्यातून चालत्या माणसाची आकृती कापून काढली आहे. माणूस नाही, त्याच्या आकाराची मोकळी जागा आहे, आणि त्यातून पलीकडची झाडे दिसतात.

भाची म्हणाली, "मामा, दमलात ना? बसा जरा." स्मारकाशेजारी बाक होते. मी बसलो. वडील कधी बसले नाहीत, ते आठवले, आणि मुद्दाम बराच वेळ बसून राहिलो.