‘हवा’ परतली, पण वऱ्हाडी माणूस गावातून स्पर्धेत गेला

झी मराठी वाहिनीवरील ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम १८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला आणि साडेनऊ वर्षे चालून १७ मार्च २०२४ रोजी थांबला. सोळा महिन्यांनंतर, २६ जुलै २०२५ रोजी, ‘कॉमेडीचं गँगवॉर’ हे जोडनाव घेऊन तो परतला. निवेदक, लेखक आणि दिग्दर्शक अशी तिहेरी धुरा वाहणारे डॉ. नीलेश साबळे या वेळी नव्हते. सूत्रसंचालन अभिजीत खांडकेकर यांच्याकडे आले होते. राज्यभर चर्चा झाली ती या बदलाची. अमरावती-अकोल्याकडच्या चाहत्याला मात्र आधी दुसरीच खात्री करून घ्यायची होती, ती भरत गणेशपुरे आहेत की नाहीत याची.

या चौकशीमागे केवळ जिल्हाभिमान नाही. गणेशपुरे अमरावती जिल्ह्यातले. कार्यक्रमात ते कोणत्याही वेशात अवतरले तरी बोलण्याचा सूर बहुधा वऱ्हाडीच राहिला. मराठी मालिकांतील घरे पुण्या-मुंबईची किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडची; वऱ्हाडी बोलणारा आला तर तो एखाद्या प्रसंगापुरता, भोळा पाहुणा म्हणून. आठवड्यातून दोन रात्री, वर्षानुवर्षे, आपल्यासारखे बोलणारा माणूस घरात येणे ही वऱ्हाडातल्या प्रेक्षकासाठी नवलाची गोष्ट होती. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘जेवून राहिलो’ हे शब्द शाळेत लाल शाईने दुरुस्त होतात, नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा ते पहिल्या महिन्यातच गिळायला शिकतो. ज्या रिद्धपूरशी ‘लीळाचरित्रा’चे, म्हणजे मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथाचे, नाते आहे ते अमरावती जिल्ह्यात. मराठी भाषा विद्यापीठही आता तेथेच उभे राहिले आहे. त्याच भागाच्या बोलीला महाराष्ट्राने ‘गमतीदार’ म्हणावे, हा विनोद कोणत्याही प्रहसनापेक्षा मोठा आहे.

म्हणूनच खरा प्रश्न असा, की वऱ्हाडी ही हसण्याची भाषा आहे की हसण्याचा विषय? जुन्या कार्यक्रमाने, बहुधा नकळत, या प्रश्नाचे बरे उत्तर दिले होते, आणि ते ‘थुकरटवाडी’च्या रचनेत दडलेले होते. थुकरटवाडी हे गाव होते. तेथे भाऊ कदमांची शांताबाई होती, सागर कारंडे यांची पुणेरी बाई होती, कुशल बद्रिके आणि श्रेया बुगडे होते; प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा निराळी. अशा गावात वऱ्हाडी माणूस हा रहिवासी असतो. त्याच्या बोलीवर कोणी हसले तर तोही पुणेरी शुद्धतेची फिरकी घेऊ शकतो. हिशेब बरोबरीत सुटतो.

वऱ्हाडी विनोदाची चालही येथे लक्षात घ्यायला हवी. तो घाईचा नाही. ‘मी येतो’ असे न म्हणता ‘मी येऊन राहिलो’ म्हणणारी ही बोली क्रियेला ऐसपैस जागा देते. समोरच्याचे सारे ऐकून घ्यावे, थोडे थांबावे आणि साळसूद चेहऱ्याने एकच वाक्य टाकावे, ही तिची रीत. अमरावतीचे दिवंगत डॉ. मिर्झा रफी अहमद बेग आपल्या ‘मिर्झा एक्सप्रेस’मध्ये गावोगावच्या श्रोत्यांना याच रीतीने हसवीत. नाव एक्सप्रेसचे, पण गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबणारी! गणेशपुरे यांच्या निर्विकार चेहऱ्याची ताकदही त्या थांबण्यातच आहे.

नव्या पर्वाने रचना बदलली. गणेशपुरे, बद्रिके, बुगडे, गौरव मोरे आणि प्रियदर्शन जाधव हे पाच म्होरके, प्रत्येकाची टोळी आणि टोळ्यांतून नवे विनोदवीर, असा हा स्पर्धेचा घाट. त्यात एक मोठी जमेची बाजू आहे: पूर्वी मंचावर येण्याचा मान सहसा चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी आलेल्या ताऱ्यांचा असे, आता छोट्या गावांतल्या नवोदितांनाही दार उघडले. पण स्पर्धकाला मिनिटे मोजून मिळतात आणि त्यातच हशा वसूल करावा लागतो. अशा वेळी बोली हे सोपे हत्यार ठरते. ‘कायले’ म्हटले की टाळी, ‘डोया’ म्हटले की हशा. शब्दामागचा माणूस उभा राहण्याआधीच वेळ संपते. जुन्या चाहत्याची हुरहुर आहे ती या ठिकाणी. त्याला नवे चेहरे नको आहेत असे नव्हे, त्याला गाव हवे आहे.

भाऊ कदम आणि सागर कारंडे या पाच म्होरक्यांत नव्हते, ही उणीव सर्वांनाच जाणवली. वऱ्हाडात कारंडे आठवतात ते विशेषकरून पोस्टमनकाका म्हणून. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे ते वाचत आणि हसणारे घर गप्प होई. ज्या अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या दोन दशकांहून अधिक काळ छापल्या जात आहेत, तेथे शेतकऱ्याच्या घरचे पत्र विनोदी कार्यक्रमात वाचले जाणे ही साधी बाब नव्हती. टीकाकारांना ती भावविवशता वाटली, काही वेळा होतीही.

बंद पडलेल्या विनोदाला पुन्हा उभे करणे किती अवघड असते, हे याच वाहिनीने आधीही अनुभवले होते. ‘फू बाई फू’ नोव्हेंबर २०२२ मध्ये परतला आणि अल्पावधीतच गुंडाळला गेला. साबळे व भाऊ कदम यांनी २०२४ मध्ये कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ आणला, जुनी माणसे होती, तरी जुन्या कार्यक्रमाचे दीर्घायुष्य त्याला लाभले नाही. म्हणजे नाव परत आणून भागत नाही आणि माणसे परत आणूनही भागत नाही. थुकरटवाडीतील ओटे, पार आणि तेथे रेंगाळणारी रिकामटेकडी मंडळी यांना जो वेळ दिला जात होता, तो कोणत्याही करारपत्रात लिहिलेला नव्हता.

अकोल्यातला चाहता अजूनही मोबाइलवर जुन्या भागांचे तुकडे लावतो. हसू येते ते गणेशपुरे बोलण्याआधी, ते नुसते पाहत उभे असतात तेव्हा.