बाळंतिणीचे रक्त: नजरेने नव्हे, मापाने

अर्धा लिटर रक्त म्हणजे किती, असे विचारले तर दुधाची पिशवी डोळ्यांसमोर येते आणि उत्तर सोपे वाटते. पण तेच रक्त चादरीत मुरलेले, कापडाच्या घड्यांनी शोषलेले, गर्भजलात मिसळलेले आणि उरलेले टेबलाखालच्या बादलीत गेलेले असले, की अनुभवी डॉक्टरचाही अंदाज चुकतो. तो बहुधा एकाच बाजूला चुकतो. जास्त गेलेले रक्त कमी वाटते.

प्रसूतीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव, ही व्याख्या वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. जगभर मातामृत्यूंच्या कारणांत हा रक्तस्राव आजही सर्वांत वर आहे. तरीही कित्येक वर्षे लेबर रूममध्ये हे ५०० मिलिलिटर मोजले जात नव्हते, नजरेने ठरवले जात होते. ताप थर्मामीटरने मोजायचा, रक्तदाब यंत्राने मोजायचा आणि जीव घेणारा रक्तस्राव मात्र अंदाजाने! गेल्या काही वर्षांत प्रसूतिशास्त्रात जो बदल झाला, त्याची सुरुवात या साध्या विसंगतीपासून होते. त्यात ना रोबो आहे, ना जनुकांची दुरुस्ती. एक प्लास्टिकची पिशवी आहे, दोन रेघा आहेत आणि जुनीच औषधे एकत्र देण्याची शिस्त आहे.

रक्तस्राव इतक्या झपाट्याने जिवावर का बेततो, हे आधी पाहू. दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. बाळ बाहेर आले, वार सुटली, की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या बंद करण्याचे काम टाके करत नाहीत, गर्भाशयाचा स्नायू करतो. तो घट्ट आवळला, की त्याच्या तंतूंच्या जाळ्यात रक्तवाहिन्या आपोआप चिमटल्या जातात. स्नायू थकला, सैल पडला, तर नळ उघडाच राहतो. अतिरक्तस्रावाचे हे सर्वांत मोठे कारण. शिवाय कुठे फाटलेले असणे, वारेचा तुकडा आत राहणे आणि रक्त न गोठणे ही आणखी तीन.

यात फसवणारी गोष्ट अशी, की तरुण बाळंतीण बराच वेळ ठीक दिसते. गरोदरपणात वाढलेले रक्त तिला सांभाळून घेते. आधी नाडी वाढते, रक्तदाब उशिरा घसरतो, आणि घसरतो तेव्हा वेळ हातातून निघून गेलेली असते. नेमके याच तासात खोलीतल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. रडले का, वजन किती, मुलगा की मुलगी! आईच्या अंगाखाली संथपणे वाहणाऱ्या धारेकडे पाहायला कोणाला सवड नसते. धो धो वाहणारे रक्त सगळ्यांना दिसते. बारीक धार घात करते.

मापाची पिशवी वापरात आणणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक महाराष्ट्राच्या वेशीवरच, बेळगाव जिल्ह्यात झाला. तेथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतील संशोधक या शतकाच्या सुरुवातीला मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास करत होते. खेडेगावात, जिथे फक्त नर्सबाई बाळंतपण करतात, तिथे ही गोळी रक्तस्राव टाळेल का, हा प्रश्न होता. १,६२० स्त्रियांच्या या अभ्यासात गोळीमुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्यासाठी रक्त नीट मोजणे भाग होते. म्हणून नितंबांखाली पसरायचे, कमरेला बांधायचे आणि खाली निमुळते होत जाणारे, मापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे आवरण वापरले गेले. त्याच चमूने नजरेचा अंदाज आणि पिशवीचे माप यांची तुलना केली, तेव्हा नजरेचा अंदाज तब्बल ३३ टक्क्यांनी कमी भरला.

इथपर्यंत वाचून वाटेल, की सगळीकडे पिशव्या वाटल्या की प्रश्न मिटला. तसे झाले नाही, आणि हा भाग सर्वांत शिकण्यासारखा आहे. युरोपातील १३ देशांच्या ७८ प्रसूतिगृहांत २५ हजारांवर प्रसूतींमध्ये ही पिशवी वापरून पाहिली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आला: नुसत्या पिशवीने गंभीर रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. मोजले, पण मोजल्यावर काय करायचे आणि किती मिनिटांत करायचे, हे बांधून दिलेले नव्हते. थर्मामीटर विकत आणला म्हणून ताप उतरत नाही, तसेच हे.

उत्तर आले २०२३ मध्ये, आफ्रिकेतून. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर ‘ई-मोटिव्ह’ हा अभ्यास झाला. पिशवीवर दोन रेघा होत्या, ३०० मिलिलिटरला सावध होण्याची आणि ५०० ला कृतीची. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी रक्त, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा घट्टपणा तपासायचा. रेघ ओलांडली, की पाच गोष्टी एकाच दमात सुरू करायच्या: गर्भाशय पोटावरून चोळणे, ते आवळण्यासाठी ऑक्सिटोसिनसारखे औषध, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाइन, आणि कुठे फाटले आहे का, वार अपुरी आली आहे का याची तपासणी. तरीही थांबले नाही तर वरिष्ठांना हाक.

यातले एकही औषध नवे नाही. नवी आहे ती ‘एकाच दमात’ ही अट. एरवी हे उपचार एकामागून एक होतात. आधी एक इंजेक्शन, मग थोडे थांबू, मग दुसरे, मग डॉक्टरांना फोन. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटे जातात. या अभ्यासात जुन्या पद्धतीने काम चाललेल्या रुग्णालयांत निम्मेच रक्तस्राव वेळेत ओळखले गेले, पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत ९३ टक्के. जुन्या पद्धतीत पाचांपैकी जेमतेम एकीला पूर्ण उपचार मिळाले, नव्या पद्धतीत दहापैकी नऊ जणींना. एक लिटरहून अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. म्हणजे साठ टक्के घट. वैद्यकीय संशोधनात असा आकडा क्वचित दिसतो.

पाच गोष्टींतल्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची कहाणी वेगळी सांगायला हवी. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधले. घरी मूल सांभाळायला कोणी नसे, तेव्हा उताको लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतिणींच्या रक्तस्रावावर हे औषध तपासून पाहावे, असे त्यांना तेव्हापासून वाटत होते. पण डॉक्टरांना त्या राजी करू शकल्या नाहीत. औषध दात काढल्यावरचे रक्त आणि पाळीतला अतिस्राव एवढ्यापुरते राहिले. २०१० मध्ये २० हजारांवर अपघातग्रस्तांच्या अभ्यासात त्याने जीव वाचतात हे दिसले आणि शल्यचिकित्सेचे विभाग जागे झाले. त्यानंतर २१ देशांतील २० हजार बाळंतिणींवर अभ्यास झाला. तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. उताको त्याच्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. हे औषध देण्यातला उशीर फार महाग पडतो. दर १५ मिनिटांच्या विलंबाला त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. म्हणूनच आधी मोजणे महत्त्वाचे, कारण कळलेच उशिरा तर देणारही उशिराच.

ऑक्सिटोसिनचा प्रश्न निराळा आहे. ग्रामीण भागात हे औषध म्हशीने पान्हा सोडावा म्हणून द्यायचे इंजेक्शन म्हणून जास्त ओळखीचे आहे, आणि त्या गैरवापरापायी २०१८ मध्ये माणसांसाठीच्या पुरवठ्यावरच निर्बंध येण्याची वेळ आली होती. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात चंद्रपुरात वीज गेलेल्या उपकेंद्रातला फ्रिज डोळ्यांसमोर आणा. ज्याची ताकद उतरली आहे असे इंजेक्शन दिसायला अगदी तसेच दिसते. यावर कार्बेटोसिनचा उष्णतेत टिकणारा प्रकार आला आहे, तो ३० अंशांपर्यंत साठवता येतो. १० देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांच्या २०१८ च्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, रक्तस्राव टाळण्यात तो ऑक्सिटोसिनपेक्षा कमी ठरला नाही.

या सगळ्यात हुरळून जाण्याआधी दोन मर्यादा नोंदवायला हव्यात. ई-मोटिव्हमध्ये मृत्यूंची संख्या दोन्हीकडे कमी होती, त्यामुळे केवळ मृत्यू घटले असे ठामपणे म्हणता येत नाही. घटला तो प्रामुख्याने एक लिटरपलीकडचा रक्तस्राव. दुसरे, हा अभ्यास नैसर्गिक प्रसूतींवर होता. महाराष्ट्रात साधारण दर चार प्रसूतींपैकी एक सिझेरियनने होते. तिथे पिशवी पसरायला जागाच नसते.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये मापाची पिशवी आणि एकत्रित उपचार यांची शिफारस केली. २०२५ मध्ये तर ३०० मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडू लागला, तर ५०० ची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे सांगितले.

ही दुसरी सूचना आपल्याकडे जास्त कामाची आहे. महाराष्ट्राची स्थिती देशात चांगल्या राज्यांमध्ये मोडते. २०१८-२० मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता, महाराष्ट्रात ३३. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १२ असलेल्या धडधाकट बाईचे ५०० मिलिलिटर आणि हिमोग्लोबिन ७ असलेल्या, चाळीस-बेचाळीस किलोच्या बाईचे ५०० मिलिलिटर हे एकच नुकसान नव्हे. दुसरीला ३०० सुद्धा पेलत नाहीत. मग अशा स्त्रियांना रक्तस्रावाची वाट न पाहता ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आधीच द्यावे का? १५ हजार रक्तक्षयी स्त्रियांवर तेही करून पाहिले गेले. २०२३ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्याने रक्तस्राव टळत नाही. तिथे रक्त आधीच भरून काढणे याला पर्याय नाही: तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या, त्या सोसत नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून लोह.

कुटुंबाने करण्यासारखे काही असेल तर ते असे. आठव्या महिन्यातल्या तपासणीत हिमोग्लोबिन किती आहे, ते विचारून कार्डावर लिहून घ्यावे. सातच्या आत असेल तर जवळच्या उपकेंद्राऐवजी रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवावे. बाळंतपण झाल्यावर सोबतच्या बाईने पहिला तासभर बाळाइतकेच आईकडेही लक्ष द्यावे. घडी भिजत राहिली, तिला घेरी आली, तहान लागली, ती अस्वस्थ झाली किंवा गप्प गप्प पडून राहिली, तर सिस्टरला लगेच बोलवावे. घरी गेल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा गाठी पडत असतील, तर १०८ ला फोन करावा. बाळंतपणाला आठवडा उलटून गेला असला तरीही.