वारंवार गर्भपात : गुणसूत्रांची बाजू

दोन किंवा अधिक वेळा गर्भ आपोआप पडला, तर त्याला वारंवार गर्भपात म्हणावे असे युरोपातील प्रजननतज्ज्ञांची संघटना मानते. ब्रिटनमध्ये हा आकडा तीन आहे. तीनदा गर्भ गमावणारी जोडपी शंभरात साधारण एक. एकदा गर्भ पडणे मात्र अगदी नेहमीचे आहे. दिवस गेल्याचे निश्चित झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के अशा संपतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो. घरात दोष दिला जातो तो पपईला, एसटीच्या धक्क्यांना, उचललेल्या हंड्याला. प्रत्यक्षात अशा गर्भाचे भवितव्य बहुधा बीज फळले त्याच वेळी ठरून गेलेले असते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. स्त्रीची बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट टाकून वर्षानुवर्षे थांबून राहतात. विभाजन पुन्हा सुरू होताना एखादी जोडी नीट सुटली नाही, की गर्भात एक गुणसूत्र जास्त किंवा कमी पडते. पडलेल्या गर्भांत सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत वारंवार सापडते. असे मूल जन्मापर्यंत पोहोचतच नाही. वय वाढते तशी ही चूक वाढते. विशीत गर्भपाताचे प्रमाण दहा-बारा टक्के असते, चाळिशीनंतर ते वाढून पन्नास टक्क्यांच्या आसपास जाते. ही चूक वारशाने येत नाही. प्रत्येक वेळी ती नव्याने घडते, म्हणून पुढच्या खेपेला सगळे सुरळीत होण्याची शक्यता बरीच असते.

दुसरे कारण मात्र आईवडिलांच्या रक्तातच असते. वारंवार गर्भपात झालेल्या दर शंभर जोडप्यांत तीन ते पाच जोडप्यांमध्ये दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली आढळते. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला जोडलेला असतो. एकूण मजकूर पुरा असल्याने ती व्यक्ती ठणठणीत असते आणि तिला आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही. अडचण येते ती बीज किंवा शुक्राणू तयार होताना. अर्धाच वाटा पुढे द्यायचा असल्याने कधी योग्य वाटा जातो, कधी एक तुकडा दुप्पट आणि दुसरा गायब असा जातो. दुसऱ्या प्रकारचा गर्भ सहसा टिकत नाही. अहवालात हे ‘४६, एक्सएक्स, टी (११;२२)’ अशा एका ओळीत लिहिलेले असते. ‘टी’ म्हणजे अदलाबदल, कंसात गुणसूत्रांचे क्रमांक. अशी ओळ पत्नीच्या अहवालात जशी निघते तशी पतीच्याही निघू शकते. एकट्या सुनेला तपासणीसाठी पाठवणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यात निदानही अर्धेच राहते.

अदलाबदल सापडली म्हणजे मूल होणार नाही, असे मुळीच नाही. नेदरलँड्समधील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा जोडप्यांपैकी ८३ टक्क्यांना पुढे किमान एक निरोगी मूल झाले, तेही बहुतेकांना नैसर्गिकरीत्या. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ तयार करून, तपासून मग गर्भाशयात सोडण्याचा मार्गही आहे. तो खर्चिक आहे आणि प्रत्येकाला गरजेचा नाही. अशी तपासणी कायद्यालाही मान्य आहे : गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ साली आलेल्या केंद्राच्या कायद्यात, गर्भाची जनुकीय तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येते त्या यादीत, दोन किंवा अधिक आपोआप झालेले गर्भपात हे कारण स्पष्ट नोंदले आहे. लिंग सांगण्याची बंदी अर्थातच तिथेही कायम आहे.

रक्त गोठण्याशी संबंधित जनुकांचा बोलबाला मात्र गरजेपेक्षा जास्त झाला आहे. युरोपात आढळणारा प्रोथ्रॉम्बिनचा बदल भारतीयांत जवळजवळ नाही, आणि ‘एमटीएचएफआर’ या जनुकाची महागडी तपासणी या कामी करू नये असे तज्ज्ञ संघटना सांगतात. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियांना पोटात रोज हेपॅरिनचे इंजेक्शन देऊन फायदा होत नाही, हे २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीने दाखवले. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची गोष्ट वेगळी. या प्रतिपिंडांमुळे होणारा आजार सहसा वारशाने येत नाही, आणि त्यात ॲस्पिरिन व हेपॅरिन उपयोगी पडते.

रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीसारख्या गावात, खरी अडचण नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याची. फेरीबोटीने आगरदांडा गाठून मुरूड-अलिबागवरून जा, नाहीतर म्हसळा-माणगावच्या रस्त्याने. मुंबईला जायचे तर दिवस मोडतो. आईवडिलांचे रक्त हा त्यातला सोपा भाग आहे. हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिन असलेल्या नळीतले थोडे रक्त पुरते आणि ते कुरियरनेही जाते. पडलेल्या गर्भाचा नमुना नाजूक असतो. क्युरेटिंगनंतर सवयीने तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला, की पेशी मरतात आणि गुणसूत्रे वाढवून पाहता येत नाहीत. तो निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून, न गोठवता, शक्य तितक्या लवकर रवाना करावा लागतो. अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी तपासलेल्या पेशी आईच्याच नव्हत्या ना, हे प्रयोगशाळेला विचारावे. दुसऱ्यांदा गर्भ पडला असेल, तर क्युरेटिंगच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा : नमुना सलाईनमध्ये हवा, आणि रक्त दोघांचेही तपासायचे आहे.