तेशुवा : बदलणे की परतणे?
निशी-कसाईत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ‘तेशुवा’ इंग्रजीतून कशी सांगावी? ‘चेंज’ म्हणावे, तर सुट्या पैशांनाही तोच शब्द. ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणा; परंतु जपानीत ‘रिफोमु’ म्हणजे घराची डागडुजी किंवा कपड्यांची दुरुस्ती, आणि तशा पाट्या तिथे दिसतातच! ‘रिपेंट’मध्ये मनाची रुखरुख आहे, उचललेले पाऊल नाही. ‘कन्व्हर्ट’ रुपयांचे येन करताना किंवा धर्मांतरासाठी वापरतात. वास्तविक त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘वळणे’ असा आहे. हिब्रू ‘शूव’ म्हणजे परत फिरणे. तेव्हा ‘रिटर्न’ हाच शब्द मला योग्य वाटतो. दारफाळणीच्या सणाआधी, ज्याचे मन दुखावले त्याच्याकडे मुलांनी परतावे. त्याची समजूत काढल्याखेरीज किप्पुरच्या दिवशीही त्या अपराधाची क्षमा नाही, असे मिश्ना सांगते.