पाच टक्के दिव्यांग निधी : गावात वाटून संपवायचा की वर्षभर पुरवायचा?

हिंगोली : मार्च लागला की ग्रामपंचायत कार्यालयात दोन कामांची घाई उडते. एक, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली. दुसरे, वर्षभर पडून राहिलेला दिव्यांग निधी खर्ची टाकणे. यादी निघते, प्रत्येकाच्या खात्यावर काही शे रुपये पडतात आणि विषय थेट पुढच्या मार्चला निघतो. ‘शेजारच्या गावात जास्त मिळाले, आमच्याकडे एवढेच का?’ हा प्रश्न मात्र दरवर्षी येतो. उत्तर बरेचसे गणितात आहे.

पैसा येतो कुठून?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या काळात हे प्रमाण ३ टक्के होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आल्यानंतर ते वाढले आणि तो खर्च कसा करायचा, याचा शासन निर्णय ग्रामविकास विभागाने २०१८ मध्ये काढला.

यातला ‘स्वउत्पन्न’ हा शब्द महत्त्वाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, आठवडी बाजाराची वसुली, म्हणजे गावाने स्वतः कमावलेला पैसा. वित्त आयोगाचा निधी यात धरला जात नाही. त्यामुळे गावात वीस लाखांचा सिमेंट रस्ता झाला म्हणून दिव्यांगांच्या वाट्याला एक लाख येत नाहीत.

गणित करून पाहू

समजा, सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या एखाद्या गावाची वर्षाची कर मागणी ६ लाख रुपये आहे आणि वसुली निम्मी, म्हणजे ३ लाख. दिव्यांग निधी झाला १५ हजार. गावात २५ दिव्यांग असतील तर प्रत्येकी ६०० रुपये, महिन्याला ५०.

शंभर टक्के वसुली झाली तर निधी ३० हजार होतो. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचे अनुदान महिन्याला २,५०० रुपये केले. वर्षाचे झाले ३० हजार. म्हणजे अख्ख्या गावाचा वर्षभराचा निधी एका लाभार्थ्याच्या अनुदानाएवढा! घरपट्टी थकवणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते की त्यातले शंभरातले पाच रुपये गावातल्याच एखाद्या अंध आजीचे होते.

सगळ्यांना सारखे, म्हणजे न्याय्य?

समान वाटपात भांडण होत नाही, म्हणून ते सगळ्यांना सोयीचे वाटते. पण एका पायाने थोडा अधू असलेला, स्वतःचे किराणा दुकान चालवणारा तरुण आणि सेरेब्रल पाल्सीमुळे अंथरुणाला खिळलेले लेकरू, दोघांनाही ६०० रुपयेच. त्या लेकराच्या डायपरचा महिन्याचाही खर्च यात निघत नाही.

दुसरी अडचण, वस्तू द्यायची म्हटले की सगळ्यांना आधी तीनचाकी सायकल आठवते. बौद्धिक दिव्यांग, मूकबधिर, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचे रुग्ण डोळ्यांसमोर येतच नाहीत. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत.

सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे आणि अलिम्कोमार्फत साहित्य मिळते. जे वरून मिळू शकते त्यावर गावचे १५ हजार कशाला घालायचे? पंक्चर होऊन गोठ्यात पडलेल्या सायकलचा टायर, श्रवणयंत्राचे सेल, प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचे भाडे, हे कोणतीच मोठी योजना देत नाही. तिथे छोटा निधी खरा कामाला येतो.

आणि रॅम्प? तो या पैशातून नको, असे आमचे मत. सार्वजनिक इमारत सर्वांना वापरता येईल अशी करणे हे कायद्याने मुळातच बंधनकारक आहे. त्याचे बिल दिव्यांगांच्या वाट्यातून का फाडायचे?

खोटी नावे आणि सुटलेली नावे

दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतल्यास किंवा तसा प्रयत्न केल्यास २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खोट्या प्रमाणपत्रांची चर्चा २०२४ पासून राज्यात जोरात आहे. चर्चा योग्यच. पण खेड्यात उलटी चूकही तितकीच नुकसान करते. यूडीआयडी कार्ड नाही म्हणून यादीत नाव नाही, आणि कार्ड काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर सोबतच्या माणसाचीही रोजंदारी बुडते.

विचारायचे कुणाला, कधी?

मार्चमध्ये विचारून फारसे हाती लागत नाही. तोवर यादी ठरलेली असते. २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा : यंदा आतापर्यंत वसुली किती, त्याचे पाच टक्के किती, मागचे शिल्लक किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. त्यावर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. हिशेब माहिती अधिकारातही मागता येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक काळजी घ्यावी. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि मार्चमध्ये वाटप होते तेव्हा घराला कुलूप असते. निघण्याआधीच दिव्यांग सदस्याच्या यूडीआयडी कार्डाची आणि बँक पासबुकाची झेरॉक्स ग्रामपंचायतीत द्या, आणि दिल्याची पोच घ्या.