हात उगारण्याचा हक्क

समजा, मध्यरात्री खळ्यावर चोर आला. राखणदारावर त्याने कुऱ्हाड उगारली. राखणदाराने काठी हाणून त्याला आडवा केला. हा गुन्हा झाला काय? नाही. पण चोर कुऱ्हाड टाकून पळाला, गावाने त्याला धरला, झाडाला बांधला आणि बडवला, तर? तो मात्र गुन्हाच. ही सीमा ठाऊक नसेल, तर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

स्वसंरक्षणाचा हा हक्क १८६० च्या भारतीय दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. पोलिसांकडे धाव घेण्यास सवड असेल, तर हा हक्क नाही. बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे. मृत्यू, जबर दुखापत किंवा बलात्कार यांची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा क्षमा करतो. नुसत्या चोरीसाठी मात्र जीव घेता येत नाही.

आता इस्लामी कायद्याकडे वळू. भारतात आज तो फौजदारी बाबतीत लागू नाही. पण त्याच्या पंडितांनी याच प्रश्नाचा पुष्कळ कीस काढला आहे. हल्लेखोराला ते 'साइल' म्हणतात. आपला जीव किंवा मालमत्ता राखताना जो मारला जातो, तो शहीद, असे हदीस सांगते. परंतु प्रतिकार पायरीपायरीने करायचा: आधी शब्दाने, मग हाताने, मग काठीने, आणि शस्त्र अगदी शेवटी. सौम्य उपायाने भागत असताना कठोर उपाय योजला, तर जबाबदारी बचाव करणाऱ्यावर येते.

दोहोंत फरक कुठे? हल्लेखोर वेडा असेल तर पाहा. आपला कायदा म्हणतो, त्याच्याविरुद्धही हक्क तेवढाच आहे. हनफी पंथाचे मत असे की, वेड्याला मारणाऱ्याला देहदंड नाही. पण त्याच्या वारसांना 'दिया', म्हणजे रक्ताची भरपाई, द्यावी लागेल. शाफई पंथ तीही मागत नाही.

वेड्याबद्दल मतभेद असला, तरी मूळ मुद्द्यावर एकमत आहे: धोका टळला की हक्क संपला, त्यापुढचा प्रत्येक फटका हा सूड. गुरुजींनी हे वर्गात सांगावे, आणि चावडीवर बसणाऱ्यांनी, चोर सापडेल त्या रात्री, ध्यानात ठेवावे.