मरोळशेजारच्या 'सीप्झ'मधून जगाच्या डिस्क ड्राइव्हकडे

मरोळ एमआयडीसीला लागून असलेल्या 'सीप्झ'ची आज ओळख आहे ती सॉफ्टवेअर आणि हिऱ्यांच्या दागिन्यांसाठी. परंतु १९७३ साली ही वसाहत उभी राहिली ती केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी. ऐंशीच्या दशकात येथील एका उद्योगाचा संबंध घरगुती संगणकाच्या सर्वांत नाजूक भागाशी, म्हणजे डिस्क ड्राइव्हशी होता. तो उद्योग टंडन समूहाचा.

पंजाबात जन्मलेले सिरजंग लाल टंडन यांनी १९७५च्या सुमारास अमेरिकेत कंपनी काढली. तिचे पहिले उत्पादन होते फ्लॉपीवरील मजकूर वाचणारे चुंबकीय हेड. हेड चकतीला प्रत्यक्ष टेकते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दोन हेड दाबली की चकती झिजण्याचा धोका असतो. टंडनच्या रचनेत खालचे हेड स्थिर आणि वरचे किंचित डोलणारे होते. एकाच फ्लॉपीच्या दोन्ही बाजू वापरात आल्या आणि क्षमता दुप्पट झाली. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत टंडनचेच ड्राइव्ह होते.

तरीही फ्लॉपीत मावणार किती? ३६० किलोबाइट. हार्ड डिस्क त्याहून कितीतरी मोठी, पण ती यंत्रात जखडलेली. तिचे हेड चकतीला न टेकता हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगते. धुळीचा एक कणही तिला घातक ठरतो. मग ती खिशात घालून न्यायची कशी? सायक्वेस्टने चकती तेवढी डबीत घालून काढता येईल अशी केली, हेड मात्र यंत्रातच ठेवले. धूळ आत शिरण्याची वाट त्यामुळे मोकळीच राहिली. १९८७ साली टंडनने 'पर्सनल डेटा पॅक' बाजारात आणला. त्यात चकती, हेड आणि मोटर यांसह मोहोरबंद हार्ड डिस्कच धक्के सोसणाऱ्या आवरणात बसवलेली होती. क्षमता ३० मेगाबाइट, म्हणजे ऐंशीहून अधिक फ्लॉपींचा ऐवज. या कामात चक पेडल होते. कमोडोरच्या 'पेट' या सुरुवातीच्या घरगुती संगणकाचे आणि ६५०२ या प्रोसेसरचे जनक तेच.

कल्पना उत्तम होती, पण मोटर आणि हेड प्रत्येक डबीबरोबर विकत घ्यावे लागत. १९८८ साली टंडनने आपला हार्ड डिस्कचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलला विकला. पुढे आयोमेगाच्या १०० मेगाबाइटच्या झिप ड्राइव्हने १९९५मध्ये बाजार काबीज केला. त्याची डबी स्वस्त होती, कारण आत केवळ लवचीक चकती असे. अनेक डीटीपीवाल्यांनी पानांच्या जड फाइली छापखान्यात नेल्या त्या याच डब्यांतून. सन २०००च्या सुमारास पेन ड्राइव्ह आला आणि हलणारे हेड असलेली ही सारी जातच मागे पडली.

यातली खरी विसंगती मात्र मुंबईतच होती. 'सीप्झ' ही सीमाशुल्काच्या कुंपणाआडची वसाहत. तेथील माल परदेशासाठी. कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे. त्या काळी परदेशी संगणकावरील आयातशुल्क इतके जबर होते, की कुंपणाबाहेरच्या मध्यमवर्गीय घरात डिस्क ड्राइव्ह ही चैनच ठरे. ज्या थोड्या घरांत स्पेक्ट्रमसारखा संगणक पोहोचला, तेथे खेळ आणि प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवरून मिनिटे मोजत भरावे लागत. कुंपणाच्या एका बाजूला जगासाठी ड्राइव्ह जुळत होते, तर दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डरचे बटण दाबून लोक वाट पाहत होते.